पंच (इंग्रजी शब्द)

पंच : इंग्रजीतील एक बहुअर्थी शब्द. ठोसा, भोक पाडण्याचे वा ठसा उमटवण्याचे हत्यार, मद्य व फळरसाचे पेय, बाहुलीनाट्यातला नायक आणि आखूड पायांचा दणकट घोडा हे त्याचे मुख्य अर्थ. एकाच उच्चाराखाली इथे निदान तीन वेगळ्या व्युत्पत्ती एकत्र आल्या आहेत. निवाडा करणारा, सामन्यातला किंवा पंचनाम्यावर सही करणारा मराठी ‘पंच’ संस्कृत ‘पञ्च’पासून आलेला आहे. त्याचे नाते यांपैकी फक्त पेयाशी जोडले जाते, आणि तेही वादातीत नाही.

पेय : या अर्थाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १६३२ सालचा असून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या पत्रव्यवहारात आढळतो. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीत होता; त्याने ‘पालेपुंट्स’ या पेयाची नोंद केली. फ्रेंच वैद्य बर्निए ‘बूलपाँज’ म्हणतो. दोन्ही रूपांतला पहिला भाग इंग्रजी ‘बोल’ म्हणजे वाडगा असावा. पाचाशी संबंध प्रथम स्पष्टपणे सांगितला तो कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर याने. तो १६७२ ते १६८१ या काळात भारत व इराणात होता. त्याचे प्रवासवृत्त १६९८ मध्ये निघाले. गोव्यात ‘नेरूल’ येथे (हे बार्देशातले नेरूळ असावे) उत्तम अर्क (गाळीव मद्य) गाळतात, त्यापासून इंग्रज हे पेय करतात आणि त्यात पाच जिन्नस पडतात म्हणून ते ‘पाँच’, असे तो लिहितो.

या व्युत्पत्तीवर दोन आक्षेप आहेत. मांडेल्स्लो चारच जिन्नस देतो : मद्य, गुलाबपाणी, लिंबूरस, साखर. बर्निएच्या कृतीतही पाच भरत नाहीत. दुसरा आक्षेप ध्वनीचा. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी ‘पंच’मधला स्वर ऱ्हस्व ‘उ’सारखा होता, म्हणजे उच्चार ‘पुंच’च्या जवळचा, ‘पञ्च’तल्या ‘अ’शी तो नीट जुळत नाही. मराठी ‘पाच’मध्ये स्वर दीर्घ, च दंत्य (‘त्स’सारखा) आणि अनुनासिक नाही, त्यामुळे तो आधार म्हणून घेता येत नाही. हिंदुस्थानी ‘पाँच’ फ्रायरच्या लेखनाशी जुळतो, पण ते लेखन पहिल्या उल्लेखानंतर जवळपास अर्धशतकाने केलेले. मांडेल्स्लोच्या ‘ट्स’वरून त्याने दंत्य च ऐकला असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. पर्यायी मत असे की, ‘पंचन’ या दारूच्या मोठ्या पिंपाच्या नावाचे खलाशांनी केलेले हे लघुरूप. मात्र पिंपावरून पेयाला नाव पडल्याचा समकालीन पुरावा मिळत नाही आणि सुरुवातीचे उल्लेख भारताशी निगडित आहेत. म्हणून यूल व बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशातले भारतीय मूळच अधिक संभाव्य वाटते.

रूढ पाच जिन्नस म्हणजे अर्क, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला (बहुधा जायफळ) किंवा चहा. बार्बेडोसचे प्रचलित प्रमाण आंबट १, गोड २, कडक (मद्य) ३, पातळ (पाणी) ४ असे आहे. लिंबाची साल साखरेत रगडून तिचे तेल काढतात; सालीखालचा पांढरा गर आला तर पेय कडू होते. साखर आधी पाण्यात विरघळवावी, कारण मद्यात ती नीट विरघळत नाही व तळाशी बसते.

हत्यार : हा अर्थ फ्रेंचमार्गे लॅटिन ‘पुंगेरे’ (टोचणे) या धातूपासून आला; पंक्चर, पॉइंट ही त्याचीच भावंडे. फिटरकामात डॉट पंचचे टोक ६० अंशांचे, तर सेंटर पंचचे ९० अंशांचे असते. आखलेल्या रेघेवर आधी डॉट, मग त्यावर सेंटर पंच मारून ड्रिलसाठी खळगा करतात. खळगा उथळ राहिला तर ड्रिल घसरते. ठिपका रेघेबाहेर गेल्यास पंच तिरपा धरून खळगा हव्या त्या बाजूला ओढून घेतात. सतत हातोडी बसून पंचाचे डोके छत्रीसारखे पसरले की ते घासून सरळ करावे. न केल्यास कडेचा तुकडा उडून डोळ्यात जातो.

खिळे जुळवून होणाऱ्या जुन्या मुद्रणातला पंच म्हणजे पोलादी कांडीच्या टोकावर कोरलेले उलटे अक्षर. मेणबत्तीच्या काजळीत टोक धरून कागदावर ठसा घेतात, खोट दिसली की पुन्हा कानस लावतात. मग कांडी लालबुंद तापवून पाण्यात बुडवतात आणि पुन्हा हलके तापवून तिचा ठिसूळपणा घालवतात. ही दुसरी आच चुकली तर वेलांटीसारखा बारीक भाग पहिल्याच घावात तुटतो. कडक झालेला पंच तांब्यात ठोकल्यावर मातृका (खिळे ओतण्याचा साचा) तयार होते. तिच्यात अक्षर सुलट, ओतलेल्या खिळ्यावर पुन्हा उलट आणि कागदावर सुलट उमटते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या देखण्या देवनागरी खिळ्यांमागे राणोजी रावजी आरू यांनी कापलेले पंच होते.

ठोसा : याच धातुकुळातला. मध्ययुगीन इंग्रजीत काठीने ढोसणे, गुरे हाकणे असा अर्थ होता. अमेरिकेतला गुराख्यासाठीचा ‘काउपंचर’ त्यातून आला. मुठीचा प्रहार हा अर्थ नंतरचा.

बाहुली व घोडा : बाहुली इटालियन नाट्यातल्या ‘पुल्चिनेला’ या विनोदी पात्रावरून; इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पेपिसने ९ मे १६६२ रोजी लंडनमध्ये हा खेळ पाहिला. १८४१ मध्ये निघालेल्या लंडनच्या विनोदी साप्ताहिकाने हे नाव घेतले आणि त्याच्या अनुकरणाने मुंबईत ‘हिंदी पंच’, लखनौत ‘अवध पंच’ निघाले. सफक पंच जातीच्या घोड्याचे नाव बहुधा याच ठेंगण्या, गोलमटोल बाहुलीवरून.

मराठीत : हत्याराचा अर्थ ‘पंच मारणे’ म्हणून कारखान्यात आणि कचेरीत रुळला. हजेरीच्या ‘पंचिंग’मध्ये बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवला जातो, भोक कुठेच पडत नाही, शब्द मात्र कार्डाच्या काळातला टिकून आहे.