यूपीएसची न जोडलेली केबल

बऱ्यापैकी यूपीएस घेतला की खोक्यात एक यूएसबी केबल निघते. बहुतेक ठिकाणी ती जोडलीच जात नाही. मोंढ्यातली आडत असो, गावातलं दूध संकलन केंद्र असो, सेतू केंद्र असो की पॅथॉलॉजी लॅब, यूपीएस टेबलाखाली सरकवला आणि कॉम्प्युटर सुरू झाला की काम झालं असं धरलं जातं. केबल खोक्यासकट माळ्यावर जाते. माझ्या मते त्या खोक्यातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच असते. बॅटरी फक्त थोडा वेळ मिळवून देते. त्या वेळात काय करायचं हे कॉम्प्युटरने ठरवायचं असेल, तर लाईट गेल्याचं त्याला आधी कळायला हवं. माणूस जागेवर असतोच असं नाही, आणि असला तरी पीं-पीं ऐकून पहिले दोन मिनिटं तो लाईट येण्याची वाट बघत बसतो.

मराठवाड्यात लाईट जाण्याचे ढोबळ दोन प्रकार. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की ११ केव्हीच्या झुलत्या तारा एकमेकींना लागतात किंवा एखादी फांदी तारेवर टेकते. मग उपकेंद्रातला ब्रेकर फीडर तोडतो आणि थोड्या वेळात लाइन पुन्हा चालू होते. हा खेळ काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा. दुसरा प्रकार म्हणजे डीपीवरचा फ्यूज उडणं, तार तुटणं, रोहित्र जळणं. तिथे लाइनमन येईपर्यंत, कधी नवं रोहित्र येईपर्यंत थांबावं लागतं. वीज परळीच्या औष्णिक केंद्रात तयार होत असली, तरी आपल्या टेबलावर ती टिकते की नाही हे गावाजवळच्या शेवटच्या तारांवर ठरतं. पहिल्या क्षणी हे दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात. कॉम्प्युटरलाही आणि आपल्यालाही.

वीज गेल्याक्षणी नेमकं काय होतं? कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये मोठे कपॅसिटर असतात. पुरवठा तुटला तरी ते साधारण १६ मिलिसेकंद यंत्र तगवतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक पूर्ण आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे ही साठवण एका आवर्तनालाही पुरत नाही. साधा यूपीएस ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, म्हणून स्क्रीन लुकलुकतही नाही. घरगुती इन्व्हर्टरला जास्त वेळ लागू शकतो, त्यासाठी त्याच्या मागे ‘यूपीएस मोड’ असं बटण असतं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालवत असाल तर ते बटण एकदा बघून घ्या.

यूपीएसच नसेल किंवा त्याची बॅटरी मध्येच संपली, तर नुकसान दिसतं त्याहून खोल असतं. ‘सेव्ह’ दाबलं म्हणजे मजकूर लगेच डिस्कवर उतरला असं नसतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नेहमीच्या मांडणीत तो ३० सेकंदांपर्यंत नुसता मेमरीत पडून राहू शकतो, कारण सतत थोडं थोडं लिहिण्यापेक्षा साचवून एकदम लिहिणं स्वस्त पडतं. विंडोजही असंच साचवून लिहितं. आजच्या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या यंत्रणा, आपल्या बदलांची आधी नोंदवही ठेवतात, म्हणून अख्खी डिस्क सहसा वाचते. पण ती नोंदवही मुख्यतः फाइल कुठे आहे, केवढी आहे याची असते. फाइलच्या आतला आजच्या सौद्यांचा हिशेब त्यात धरलेला असेलच असं नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर’ या नावाखाली ४१ क्रमांकाच्या नोंदी शोधा. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं की ही नोंद पडते. हँग झालं म्हणून कुणी बटण दाबून बंद केलं तरी पडते, पण एका उन्हाळ्यातल्या अशा नोंदी ओळीने पाहिल्या की आपल्या लाईटचा स्वभाव कळतो.

आता ती केबल. १९९७ मध्ये यूएसबीच्या नियमांत वीजउपकरणांसाठी एक सामाईक भाषा ठरली. तिच्यातून यूपीएस सांगतो, की बाहेरची वीज आहे की नाही, बॅटरी किती टक्के भरलेली आहे, सध्याच्या भारावर ती किती सेकंद चालेल. म्हणूनच अशी केबल जोडली की विंडोजला यूपीएस ही लॅपटॉपसारखी बॅटरीच वाटते आणि कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह उमटतं. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी अमुक टक्क्यांवर आली की बंद हो, एवढं सांगितलं तरी निम्मं काम झालं. अगदी स्वस्त यूपीएसना हे पोर्ट नसतं. नवा घेताना थोडे पैसे वाचवण्याआधी मागची बाजू बघावी.

याहून बारकाईने करायचं असेल तर दोन मोफत प्रोग्रॅम आहेत. एपीसी कंपनीच्या यूपीएससाठी एपीसीयूपीएसडी, आणि अनेक कंपन्यांच्या यूपीएसशी बोलणारा नेटवर्क यूपीएस टूल्स, ज्याला सगळे ‘नट’ म्हणतात. दोन्हींची रीत सारखी. घटना घडली की तिच्यासाठी ठरवून ठेवलेली स्क्रिप्ट चालते. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरने ओळीने पाळायच्या आज्ञांची साधी मजकूर फाइल. एपीसीयूपीएसडीमध्ये वीज जाताच ‘पॉवरआउट’ ही घटना होते, आणि ६ सेकंद झाले तरी वीज नसेल तरच ‘ऑनबॅटरी’. हे ६ सेकंद फार विचारपूर्वक ठेवलेले आहेत. तारांचा छोटा झटका तेवढ्यात निघून जातो आणि उगाच धावपळ होत नाही. बंद करायची वेळ आली की ‘डूशटडाउन’. तुमची स्क्रिप्ट आधी चालते, मग प्रोग्रॅमचं नेहमीचं काम होतं. तुमच्या स्क्रिप्टने शेवटी ९९ हा आकडा परत दिला, तर नेहमीचं काम वगळलं जातं.

आडतीच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर मी मांडणी अशी करीन. ‘ऑनबॅटरी’ झालं की वेळ आणि बॅटरीची टक्केवारी एका फाइलीत लिहायची, स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत सूचना द्यायची, आणि हिशेबाच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढायची. ‘डूशटडाउन’ला फक्त डेटाबेस (हिशेब साठवणारा प्रोग्रॅम) थांबवायचा आणि बाजूला व्हायचं. प्रत काढण्याचं काम या शेवटच्या पायरीला कधीही ठेवू नये. पुष्कळ जण प्रत नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशिनवर पाठवतात. लाईट गेलेली असताना भिंतीवरचा नेटवर्क स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) बंद असतो, कारण त्याला यूपीएस नसतो. स्क्रिप्ट उत्तराची वाट बघत थांबते, बंद होण्याची आज्ञा तिच्यामागे अडकते, आणि बॅटरी संपते. मोबाइलवर संदेश पाठवणाऱ्या स्क्रिप्टचीही हीच गत होते. राउटर यूपीएसवर नसेल तर संदेश जाणार कुठून?

बंद कधी व्हायचं, हा खरा प्रश्न. एपीसीयूपीएसडी मूळ मांडणीत बॅटरी ५ टक्क्यांवर येईपर्यंत किंवा अंदाजे ३ मिनिटं उरेपर्यंत थांबतो. थंड हवेच्या, नवी बॅटरी असलेल्या ऑफिसात हे चालेल. आपल्याकडे नाही चालत, आणि त्याचं कारण बॅटरीच्या पोटात आहे.

छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची शिसे-आम्ल बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॅट-तास. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १२० वॅट, यूपीएसमधली गळती धरून बॅटरीतून १५० वॅट. भागाकार केला की साधारण ३४ मिनिटं येतात. प्रत्यक्षात नवी कोरी बॅटरीही निम्म्याच्या आसपासच टिकते. कारण ७ हा आकडा २० तासांत सावकाश रिकामी केलेल्या बॅटरीचा, म्हणजे ०.३५ अँपिअरचा. आपण तिच्यातून १२-१३ अँपिअर ओढतो. मोठी मोटर लावून विहीर भराभरा उपसली की तळ दिसतो आणि तासाभराने झऱ्याचं पाणी पुन्हा जमतं, तसंच इथे होतं. प्लेटच्या छिद्रांतलं आम्ल संपतं, आणि बाहेरचं आम्ल आत झिरपायला वेळ लागतो. पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच या वागण्याचं सूत्र मांडलं होतं.

त्यात ऊन. बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंशांना मोजलेलं असतं, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की ते निम्म्यावर येतं असा ढोबळ नियम आहे. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. पत्र्याच्या दुकानात, टेबलाखाली, स्वतःच तापणाऱ्या डब्यात त्या बॅटरीला काय सोसावं लागत असेल! उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, प्लेटची जाळी गंजते, पाण्याचा अंश उडतो, आतला विरोध वाढतो. अशी बॅटरी भार नसताना १०० टक्के दाखवते आणि भार पडताच ढासळते. ६० टक्क्यांवरून थेट शून्य, मधले आकडे दिसतच नाहीत. यूपीएस खोटं बोलत नसतो. त्याचा अंदाज व्होल्टेजवरून आणि जुन्या माहितीवरून बांधलेला असतो आणि म्हाताऱ्या बॅटरीला तो लागू पडत नाही.

म्हणून ५ टक्क्यांची वाट बघू नये. पर्याय तीन असतात: बॅटरीवर आल्यापासून किती वेळ झाला, किती टक्के उरले, किती मिनिटं उरली. एपीसीयूपीएसडीत तिन्ही एकदम लावता येतात, जे आधी घडेल ते चालतं. मी बॅटरीवर आल्यापासून ३ मिनिटं किंवा ५० टक्के उरणं, असं ठेवायला सांगीन. नुसती वेळ पुरत नाही, कारण वादळी संध्याकाळी लाईट तीनदा येते-जाते, बॅटरी पूर्ण भरायला कित्येक तास लागतात आणि दर खेपेला ती आधीपेक्षा खालून सुरुवात करते. ‘नट’मध्ये हेच घड्याळ लावून होतं. वीज गेली की घड्याळ सुरू, आली की रद्द, वेळ भरली की स्क्रिप्ट. आपलं यंत्र बंद व्हायला किती वेळ घेतं तेही एकदा मोजावं. अपडेट लागू करत बंद होणारं विंडोज सहज पाच-दहा मिनिटं खातं.

आता या सगळ्यातला सर्वांत नाजूक क्षण. कॉम्प्युटर बंद होऊ लागला आणि तेवढ्यात लाईट आली. बंद होण्याची आज्ञा मागे घेता येत नाही. यंत्र नीट बंद होतं, पण यूपीएसच्या सॉकेटमधली वीज एक क्षणही तुटलेली नसते. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज परत आल्यावर सुरू हो’ असं लावलेलं असलं तरी वीज गेली हेच यंत्राला कळलेलं नसतं. ते तसंच बंद राहतं. रविवार असेल, अभ्यासिकेचा सर्व्हर असेल, तर सोमवारी कुणी बटण दाबेपर्यंत. यावरचा उपाय असा, की बंद होता होता कॉम्प्युटरने यूपीएसला निरोप द्यायचा: थोड्या सेकंदांनी तुझा पुरवठा तोड, बाहेर लाईट आलेली असली तरी तोड, आणि लाईट असेल तेव्हा परत दे. दोन्ही प्रोग्रॅममध्ये याची सोय आहे. काही यूपीएसमध्ये बॅटरी ठरावीक टक्के भरल्याशिवाय पुरवठा परत द्यायचा नाही असंही लावता येतं. आपल्याकडे ते जरूर लावावं.

यूपीएस नाही, नुसता इन्व्हर्टर आणि मोठी ट्युब्युलर बॅटरी आहे, अशी दुकानं गावोगावी आहेत. इन्व्हर्टर सहसा कॉम्प्युटरशी बोलत नाही. तिथे एक साधी युक्ती चालते. जुना राउटर इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटला लावायचा आणि केबलने कॉम्प्युटरच्या नेटवर्कला जोडायचा. स्क्रिप्टने दर अर्ध्या मिनिटाला त्याला हाक मारायची. ओळीने चार-पाच हाकांना उत्तर नाही म्हणजे लाईट गेली, घड्याळ सुरू. एका चुकलेल्या हाकेवर भरवसा ठेवू नये, ती सैल झालेल्या केबलमुळेही चुकते. तसंच ज्या जाळ्यातून ही हाक जाते तो स्विच मात्र इन्व्हर्टरवरच हवा.

हे सगळं लावल्यावर चाचणी घ्यायचीच. कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, यूएसबी केबल यूपीएसला राहू द्या आणि यूपीएसवर साठ-साठ वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब लावा. मग यूपीएसचा प्लग काढा. घटना ओळीने नोंदल्या जातात का, प्रत निघते का, कॉम्प्युटर ठरल्या वेळी बंद होतो का, त्यानंतर बल्ब विझतात का, ते बघा. काही चुकलं तरी कॉम्प्युटरला झळ नाही. उन्हाळा लागण्याआधी आणि संपल्यावर अशी एकेक चाचणी घेऊन बल्ब किती मिनिटं चालले ते त्याच फाइलीत लिहीत चला. मिनिटं निम्म्यावर आली की बॅटरी बदलायची, आणि जुनी भंगारात न टाकता दुकानदाराला परत द्यायची. तिच्यात शिसं आहे, आणि २०२२ च्या नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.