नेटवर्कवर न दिसणारा एक्सपी

पुण्यात घरूनच डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं मांडायचं, काम करणाऱ्या काहींकडे नव्या लॅपटॉपशेजारी एक जुना, पंख्याची घरघर करणारा डबा अजून तग धरून आहे. त्यावर विंडोज एक्सपी ही विंडोजची जुनी आवृत्ती आहे. ते हलवता येत नाही, कारण मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर आणि मागच्या पोर्टात खोचलेलं त्याचं परवान्याचं डोंगल फक्त तिथंच चालतं. पानं मांडायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्तीही २००१ सालची. दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका असा सगळा जुना माल त्यातच पडून आहे आणि तो लॅपटॉपवर हवा असतो. पण नेटवर्कच्या खिडकीत एक्सपीचं नावच दिसत नाही. मग केबल बदलली जाते, राउटर बंद-चालू केला जातो आणि शेवटी पेन ड्राइव्ह बाहेर येतो.

यात पहिली गल्लत अशी, की 'दिसणं' आणि 'पोचणं' एकच धरलं जातं. एक्सपीच्या काळात नेटवर्कवरच्या संगणकांची यादी ठेवायचं काम त्यांच्यातलाच एक संगणक करायचा आणि तो चक्क निवडणुकीनं ठरायचा. विंडोजची आवृत्ती कुठली, मशीन किती वेळ चालू आहे, असले निकष त्यात असत. बाकीचे दर १२ मिनिटांनी 'मी आहे' असं पुकारायचे. सलग तीन पुकारे चुकले की नाव कटायचं. म्हणून बंद केलेला संगणकही अर्धा तास यादीत झळकायचा. गुरुवारी दुरुस्तीसाठी गेलेली वीज परत आली, की दोन्ही मशीन चालू होऊनही यादी बराच वेळ रिकामी असायची, तीही याचमुळे. विंडोज १० च्या २०१७ च्या शेवटाला आलेल्या आवृत्तीपासून ही यादीची व्यवस्थाच मूळ बसवणीतून गेली. नवी विंडोज वेगळ्या पद्धतीनं शेजाऱ्यांचा शोध घेते आणि एक्सपी त्या पद्धतीनं हाक देत नाही. तेव्हा यादीकडे बघूच नका. एक्सपीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) चालवून त्याचा नेटवर्कवरचा पत्ता घ्या आणि लॅपटॉपच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन तोच आकडा टाका.

आकडा नीट बघा मात्र. १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० असेल, तर बहुधा घरात दोन राउटर आहेत. एक ब्रॉडबँडवाल्यानं बसवलेला आणि दुसरा आपण रेंजसाठी घेतलेला. आतल्या राउटरवरून बाहेरच्यावर 'पिंग', म्हणजे पोच तपासणारी हाक, लागतो, उलट दिशेनं लागत नाही. असं एकतर्फी वागणं दिसलं, की दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडा. पाहुण्यांसाठीच्या वायफायवरही उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम तोडलेलं असतं.

वाट मोकळी असूनही दार उघडत नसेल, तर प्रश्न बोलीचा असतो. फाइल देवाणघेवाणीची ही बोली म्हणजे एसएमबी. आयबीएममधल्या बॅरी फायगेनबाउम यांनी ती १९८३ च्या सुमारास घडवली. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाबरोबर तिची दुसरी आवृत्ती आली, विंडोज ८ बरोबर तिसरी. भेट होताच दोन्ही संगणक आपापल्या आवृत्त्या सांगतात आणि दोघांना येणारी सर्वांत नवी निवडतात. एक्सपीला फक्त पहिली येते, नव्या लॅपटॉपवर नेमकी तीच काढून टाकलेली असते.

हा काही कंपनीचा लहरीपणा नाही. १२ मे २०१७ रोजी फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा 'वॉनाक्राय' व्हायरस जगभर पसरला तो पहिल्या एसएमबीतल्या भोकातून. कुणी कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती. भोक बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच निघाली होती, पण ती अनेकांनी बसवलीच नव्हती. एक्सपीसाठी तर ती हल्ल्यानंतर आली.

तरीही एक मधला मार्ग आहे. 'विंडोज फीचर्स'मध्ये एसएमबी १.० खाली क्लायंट (फाइल मागणारा) आणि सर्व्हर (फाइल देणारा) अशा वेगळ्या चौकटी असतात. लॅपटॉपवर फक्त क्लायंटवर खूण करा. म्हणजे लॅपटॉप एक्सपीकडे जाऊन फाइल आणेल, पण त्याचं स्वतःचं जुनं दार बंदच राहील. तिथंच आपोआप काढून टाकण्याचीही एक चौकट असते. ती चालू राहिली आणि लॅपटॉप चालू असलेल्या वेळातले १५ दिवस ही बोली वापरली गेली नाही, तर विंडोज ती गुपचूप काढून टाकते. 'गेल्या महिन्यात तर चालत होतं!' ही तक्रार पुष्कळदा इथली असते.

एक्सपीला इंटरनेटपासून तोडणं मात्र सक्तीचं समजा. त्याला हातानं स्थिर पत्ता द्या आणि 'डिफॉल्ट गेटवे'ची जागा कोरी ठेवा. घरातलं बोलणं चालू राहतं, बाहेरची वाट त्याला ठाऊकच राहत नाही. घरातलंच दुसरं मशीन बाधित झालं, तर यानं बचाव होत नाही.

पासवर्डचं थोडक्यात सांगतो. कोरा पासवर्ड असलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. एक्सपीचं 'सिंपल फाइल शेअरिंग' तर येणाऱ्या प्रत्येकाला पाहुणा मानतं, आणि विंडोज ११ प्रोच्या २०२४ च्या आवृत्तीपासून असा पाहुणा म्हणून जायला लॅपटॉपच नकार देतो. एक्सपी प्रोफेशनलवर ती सोय बंद करून पासवर्डचं खातं काढा. एक्सपी होममध्ये ती बंदच होत नाही.

रोजचं काम असेल, तर माझ्या मते या खटाटोपापेक्षा मध्ये एक दुभाष्या बसवावा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी नेटवर्कवरची बोलणी ऐकत ऐकत १९९२ च्या सुमारास जे लिहिलं, त्यातून 'सांबा' हे लिनक्ससारख्या संगणकांना एसएमबी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर उभं राहिलं. लिनक्स टाकलेला एखादा पडीक संगणक किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक त्याला पुरतो. एक्सपी त्याच्याशी पहिल्या बोलीत बोलतो, लॅपटॉप तिसऱ्या. एक्सपीचं फोल्डर उघडं टाकावं लागत नाही आणि लॅपटॉपवरही जुनं काही आणावं लागत नाही. २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून सांबानंही पहिली बोली मूळ बसवणीत बंद केली आहे, तेव्हा त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल'ची किंमत 'एनटी१' अशी स्वतः लिहावी लागते.