थरांचे रेडियम

सोलापुरात दुचाकीच्या टाकीवर नाव किंवा चित्र चिकटवून घ्यायचे असले, की आपण ‘रेडियम करून घेतो’ असे म्हणतो आणि ते काम करणाऱ्या दुकानाच्या पाटीवरही बहुधा ‘रेडियम आर्ट’ असेच लिहिलेले असते. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेल्या किरणोत्सारी मूलद्रव्याचा या चित्राशी काडीचाही संबंध नाही. हाती येते ती पॉलिव्हिनाइल क्लोराइडची, म्हणजे पीव्हीसीची, पातळ फिल्म. नळाचा ताठ पाइप ज्या प्लॅस्टिकचा असतो तेच हे प्लॅस्टिक. वाल्डो सेमन या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने १९२६ मध्ये त्यात मऊपणा आणणारे द्रव्य मिसळण्याची युक्ती शोधली, म्हणून ते आज टाकीच्या गोलाईवर निमूटपणे बसते.

एका रंगाचे अक्षर कापणे सोपे आहे. कस लागतो तो अनेक रंगांच्या चित्रात. आपल्या चादरीवरचा मोर जकार्डच्या मागावर विणला जातो तेव्हा निरनिराळ्या रंगांचे सूत एकाच विणीत गुंफले जाते. रेडियमचा मोर मात्र रंगावर रंग रचूनच उभा करावा लागतो. अशी फिल्म साधारण ७० ते ८० मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे तीन थर एकावर एक आले की जाडी पाव मिलिमीटरच्या जवळ जाते आणि प्रत्येक पायरीपाशी धूळ साचायला जागा होते.

मग निळ्या अंगात पिवळ्या पंखाच्या आकाराचे भोक पाडून पिवळा तुकडा त्यात नेमका का बसवू नये? कारण फिल्म आक्रसते. स्वस्त फिल्म तापलेल्या रुळांमधून लाटून, ताणून तयार होते. तो ताण तिच्यात साठून राहतो आणि उन्हात तापली की ती पूर्वीच्या आकाराकडे परतू पाहते. महाग, ‘कास्ट’ फिल्म द्रवाचा थर पसरून भाजलेली असल्याने तिच्यात हा ताण फार कमी असतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. अशा वेळी दहा सेंटिमीटरचा तुकडा अर्धा मिलिमीटर जरी आकसला, तरी दोन रंगांच्या सांध्यातून टाकीचा मूळ रंग डोकावू लागतो. म्हणून निळे अंग अखंड ठेवून पिवळा पंख संपूर्णपणे त्याच्या आत बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. वरचा तुकडा खालच्याची कड ओलांडून बाहेर गेला, तर पायरीपाशी तो तंबूसारखा उचलला जातो आणि कडेलगत हवेची बारीक नळी उरते. पाणी शिरते ते तिथूनच.

संगणकावर चित्र आखताना म्हणूनच सुरुवात सर्वांत खालच्या, सर्वांत मोठ्या आकारापासून करावी आणि प्रत्येक रंगाच्या पानावर त्याच दोन जागी छोट्या खुणा ठेवाव्यात. प्लॉटरची, म्हणजे संगणकावरच्या आखणीनुसार कापणाऱ्या यंत्राची, सुरी फिल्म कापते, पण पाठीचा कागद कापत नाही. त्यासाठी दाब आधी लहान चौकोन कापून पाहूनच ठरवावा लागतो. नको असलेला भाग चिमट्याने उपसून काढला, वर ट्रान्सफर टेप, म्हणजे तुकडे जसेच्या तसे उचलून नेणारी चिकट पट्टी, लावली, की खुणेवर खूण ठेवून एकेक रंग बसवता येतो. खुणांचे तुकडे शेवटी सोलून टाकायचे.

फिल्मच्या पाठीचा गोंद वाळत नाही. तो अतिशय घट्ट द्रवासारखा पृष्ठभागाच्या बारीक खाचांत हळूहळू पसरतो, म्हणून पट्टीने घासून दाब द्यावा लागतो आणि पूर्ण पकड यायला सुमारे एक दिवस लागतो. तापलेल्या पत्र्यावर मात्र तो टेकताक्षणी धरतो आणि वाकडा बसलेला तुकडा पुन्हा उचलताना ताणला जातो. ताणलेली फिल्म पुढे आणखी आक्रसते. त्यामुळे उन्हाळ्यात हे काम सकाळी आणि सावलीत करावे. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारला तर पहिला तुकडा सरकवून जागेवर आणता येतो, मात्र ते पाणी पट्टीने पूर्ण निपटून काढल्याशिवाय दुसरा रंग चढवू नये.

दुकानाच्या काचेवर आतून चिकटवायचे असेल, तर चित्र बाहेरून काचेआडून दिसते, म्हणून सारा क्रम उलटतो. चित्र आरशातल्यासारखे फिरवून कापावे लागते, गोंद पारदर्शक असलेली फिल्म घ्यावी लागते आणि सर्वांत आधी मोराचा डोळा लावून अखंड निळे अंग सर्वांत शेवटी चढवावे लागते.