रॉड सरळ, आर्क तिरपा: दोनशे वर्षांची पार्श्वभूमी

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत किंवा बुटीबोरीत जाड प्लेटचं वेल्डिंग चालू असलं की कोपऱ्याशी पोचल्यावर कुणीतरी म्हणतंच, "आर्क पळून राहिला भाऊ." हात स्थिर, रॉड सरळ, तरी आर्क, म्हणजे रॉड आणि प्लेटमधली विजेची ज्योत, एका अंगाला झुकतो, स्पॅटर (वितळल्या धातूचे थेंब) उडतं, बीडमध्ये, म्हणजे जोडाच्या पट्टीत, छिद्रं राहतात. दोष आधी ओल्या रॉडवर जातो, मग मशीनवर. चुंबकाचं नाव सगळ्यात शेवटी निघतं. हे जरा नवलाचंच, कारण चुंबक आर्कला ढकलतो ही गोष्ट वेल्डिंगच्या जन्माआधी साठेक वर्षं माहीत होती.

1820 मध्ये ओर्स्टेडने कोपनहेगनला दाखवलं की तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने प्रचंड बॅटरीवर कोळशाच्या दोन टोकांमध्ये आर्क पेटवून त्याच्याजवळ चुंबक नेला, तर आर्कच सरकला. कारण साधं आहे. आर्क म्हणजे प्रवाह वाहून नेणारा तापलेला वायू. चुंबकीय क्षेत्रात तारेवर जसा जोर येतो तसाच त्याच्यावर येतो, फक्त त्याला तारेसारखा कणखरपणा नसतो.

1880 च्या दशकात बेनार्दोस आणि ओल्शेव्स्की यांनी कार्बनच्या कांडीने लोखंड जोडण्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर काही वर्षांतच जर्मनीत झेरेनरने दोन कार्बन कांड्यांमध्ये आर्क पेटवून विद्युतचुंबकाने तो खाली, जॉबवर (जोडायच्या वस्तूवर) वाकवण्याची पद्धत काढली. म्हणजे ज्याला आज आपण दोष म्हणतो, ते त्याचं अवजार होतं! ही पद्धत फार चालली नाही. स्लाव्यानोव्हने 1888 मध्ये कार्बनऐवजी धातूचाच रॉड वापरला आणि पुढे रस्ता त्याचाच झाला.

त्या रस्त्यावर अडचण मात्र उभी राहिली. तेव्हाचा प्रवाह डीसी (एकाच दिशेने वाहणारा), प्लेट पोलादाची, आणि काम वाढेल तसे अँपिअर वाढत गेले. प्रवाह रॉडमधून खाली उतरतो आणि प्लेटमध्ये काटकोनात वळून अर्थिंगच्या क्लॅम्पकडे जातो. त्या वळणाच्या आतल्या बाजूला चुंबकीय रेषा दाटतात आणि आर्कला क्लॅम्पपासून दूर ढकलतात. दुसरं कारण प्लेटची कड. चुंबकीय रेषांना हवेपेक्षा पोलाद आवडतं, त्यामुळे कडेशी त्यांची गर्दी होते आणि आर्क प्लेटच्या आत लोटला जातो. म्हणून सुरुवातीला तो पुढे पळतो, शेवटी मागे. क्लॅम्पची जागा बदलणं, आर्क आखूड ठेवणं, करंट कमी करणं, टोकांना भक्कम टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारणं किंवा जादा तुकडे जोडून सांधा लांबवणं, हे कारागिरांचे उपाय आजही तेच आहेत.

खरी सुटका एसीने, म्हणजे दिशा सतत उलटत राहणाऱ्या प्रवाहाने केली. अमेरिकेत 1919 मध्ये होल्सलॅगने एसी वेल्डिंग आणलं. आर्क दर अर्ध्या फेरीला विझू पाहत असल्यामुळे चांगले कोटेड (लेप दिलेले) रॉड मिळेपर्यंत ते रुळलं नाही. रुळल्यावर मात्र आर्क पळण्याचा त्रास बराच कमी झाला. 50 हर्ट्झला प्रवाहाची दिशा सेकंदाला 100 वेळा उलटते, आणि प्लेटमध्ये उठणारे भोवरी प्रवाह चुंबकीय क्षेत्राला विरोध करतात. आपल्याकडच्या ग्रिल-गेट बनवणाऱ्या दुकानांत अनेक दशकं ऑइल कूल ट्रान्सफॉर्मरचे सेट चालले, ते एसीचेच. तिथे वाढलेल्या कारागिराला हा त्रास फारसा भेटला नाही, तर त्यात त्याची काय चूक? मग हलके, वीज वाचवणारे इन्व्हर्टर वेल्डिंग सेट आले. ते बहुतेक डीसी देतात. जुनं दुखणं नव्या मशीनबरोबर परत आलं.

मोठ्या कामांत आणखी एक पदर आहे: पोलादात आधीच मुरलेलं चुंबकत्व. चुंबकाच्या क्रेनने उचललेले पाइप, चुंबकीय कणांनी केलेली तपासणी, पाइपवर टाकून ठेवलेल्या डीसी केबल, यातलं काहीही पुरतं. गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं माप; ढोबळमानाने 20 गॉसच्या आत काम निभतं, 40 च्या वर आर्क धरवत नाही. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र नागपुरात अर्ध्या गॉसच्याही आत आहे, त्यामुळे "उत्तर-दक्षिण दिशेने वेल्डिंग करू नका" हा सल्ला मी तरी मनावर घेत नाही.

कोराडीच्या 660 मेगावॉटच्या वीजसंचांसारख्या सुपरक्रिटिकल (फार उच्च दाब-तापमानाच्या) बॉयलरांत हा पदर जास्त बोचतो. अशा बॉयलरांत पी91 हे सुमारे 9 टक्के क्रोमियमचं पोलाद वापरतात. उच्च तापमानाला ते दणकट, पण एकदा चुंबकत्व घेतलं की साध्या पोलादापेक्षा चिवटपणे धरून ठेवतं. त्यात रूट, म्हणजे सांध्याच्या तळाचा पहिला थर, टिगने (टंगस्टनच्या न वितळणाऱ्या कांडीने) आणि डीसीवर करायचा. दोन पाइपांच्या तोंडांमधली दोन-तीन मिलीमीटरची फट म्हणजे चुंबकाच्या दोन ध्रुवांमधली जागा. सगळं क्षेत्र तिथे एकवटतं. रूट पुरा झाला की रेषांना पोलादातून वाट मिळते आणि पुढच्या पासला (थराला) आर्क शहाण्यासारखा चालतो. म्हणून पाइपाभोवती वेल्डिंग केबलचे वेढे देऊन उलटं क्षेत्र तयार करतात, ते रूटपुरतं. वेढ्यांची दिशा चुकली तर क्षेत्र दुप्पट होतं, त्यामुळे गॉसमीटर हाताशी हवाच.

झेरेनरची कल्पनाही मेली नाही. दोन नळ्यांच्या तोंडांमध्ये आर्क पेटवून चुंबकीय क्षेत्राने तो कडेकडेने वेगाने फिरवायचा, तोंडं तापली की नळ्या दाबून जोडायच्या, ही पद्धत कीव्हच्या पॅटन संस्थेने विकसित केली. बॉयलरच्या नळ्यांसाठी तिच्यावर भेलच्या तिरुचिरापल्लीच्या वेल्डिंग संशोधन संस्थेतही काम झालं आहे. तिथे रॉड नाही, भरणीचा धातू नाही, आणि आर्क पळावा हीच अपेक्षा असते.