नेतृत्व आणि कार्यसंस्कृती

एखाद्या संस्थेत काय चालते, काय खपत नाही, काय बोलावे आणि काय पोटात ठेवावे याची तिथल्या माणसांच्या अंगवळणी पडलेली रीत म्हणजे त्या संस्थेची कार्यसंस्कृती. ती नियमपुस्तिकेत सापडत नाही. नवा माणूस ती इतरांकडे बघून उचलतो, आणि इतर जण बघत असतात वरिष्ठांकडे. त्यामुळे वरिष्ठांचा परिसर आणि त्यांची मानसिकता हे दोन्ही कार्यसंस्कृतीच्या अभ्यासाचे महत्त्वाचे विषय ठरले. परिसरात त्यांची बसण्याची जागा येते, तसेच त्यांच्यापर्यंत कोण पोचू शकते, कोणत्या बातम्या वाटेत गाळल्या जातात आणि भोवती कोणाचा गराडा असतो हेही येते. कामाविषयी, चुकांविषयी आणि हाताखालच्या माणसांविषयी त्यांनी मनाशी धरलेले समज म्हणजे मानसिकता.

कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांच्या गटांना वेगवेगळ्या धाटणीचे म्होरके दिले होते. हुकूमशाही गटात म्होरक्या खोलीबाहेर गेला की काम ढेपाळे. सर्वांना विचारात घेणाऱ्या गटात ते चालू राही. एलियट जॅक्स यांनी लंडनच्या ग्लेशिअर मेटल कंपनीच्या अभ्यासावरून १९५१ मध्ये कारखान्याच्या ‘संस्कृती’विषयी लिहिले. १९६० मध्ये डग्लस मॅकग्रेगर यांनी ‘एक्स’ आणि ‘वाय’ हे दोन सिद्धांत मांडले: माणसे मुळात कामचुकार असतात हा समज म्हणजे ‘एक्स’, ती आपणहून जबाबदारी घेतात हा समज म्हणजे ‘वाय’. माणसे मुळात कामचुकार असतात असे मानणारा अधिकारी पाळत ठेवतो. पाळतीखालची माणसे सांगितले तेवढेच करतात. आणि ते पाहून अधिकाऱ्याला आपलेच म्हणणे खरे वाटते. या चक्रातून बाहेर पडणे अवघड असते, कारण आतल्याला पुरावा रोज मिळत राहतो.

या विषयातले सर्वांत उपयोगी निरीक्षण बहुधा संघटना-मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांचे आहे. संस्कृती भाषणांतून रुजत नाही, असे ते सांगतात. वरिष्ठ कशावर लक्ष ठेवतात, कशाचा हिशोब मागतात, आणीबाणीत कसे वागतात, पैसा कुठे खर्च करतात, बढती कोणाला देतात आणि कोणाला बाजूला सारतात, यातून ती रुजते. दर सोमवारच्या बैठकीत पाऊण तास ‘माल का गेला नाही’ यावर आणि शेवटची दोन मिनिटे सुरक्षिततेवर जात असतील, तर भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ कितीही मोठ्या अक्षरांत लिहिले तरी उपयोग नाही. खरा अग्रक्रम कोणता, हे खालच्यांना बरोबर कळलेले असते.

वाईट बातमी वर जाताना सौम्य होत जाते. ती सांगायला माणसे कचरतात, हे सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर यांनी १९७० मध्ये प्रयोगांतून दाखवले होते. ‘साहेबांचा मूड बघून सांगू’ हे वाक्य बहुतेक कचेऱ्यांत ऐकू येते. प्रत्येक पायरीवर थोडे थोडे गाळले गेले की शेवटी साहेबांच्या टेबलावर सगळे आलबेल असते. होयबांचा गोतावळा जमतो तो असा. त्यासाठी कोणी कट करावा लागत नाही.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मरण पावले. आदल्या संध्याकाळी दूरध्वनीवर झालेल्या बैठकीत रॉकेट बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीत रॉकेटच्या जोडांतील रबरी कड्या नीट काम करणार नाहीत, म्हणून उड्डाण नको, असे सांगितले होते. नासाच्या अधिकाऱ्यांनी नापसंती दाखवली. मग कंपनीच्या लोकांनी फोनची लाइन बंद करून आपसात चर्चा केली. त्यात एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला, अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घाल, असे सुचवल्याचे चौकशीत पुढे आले. कंपनीने होकार कळवला. उड्डाणाचा अखेरचा निर्णय ज्यांच्या हाती होता, त्यांना हा मूळ विरोध ठाऊकच नव्हता, असा निष्कर्ष अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने काढला. पुढे १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानही कोसळले. उड्डाणावेळी इंधनटाकीवरून सुटून पंखावर आदळलेल्या उष्णतारोधक फोमच्या तुकड्याने काय नुकसान झाले ते पाहण्यासाठी अभियंत्यांनी छायाचित्रे मागितली होती. ती मागणी रीतसर मार्गाने आली नाही म्हणून बारगळली. अपघाताला फोमइतकीच नासाची संघटनात्मक संस्कृतीही कारणीभूत असल्याचे चौकशी मंडळाने नोंदवले.

बसण्याच्या जागेचाही परिणाम होतो, मात्र तो सरळसोट नाही. अंतर वाढते तसे सहकाऱ्यांमधले बोलणे झपाट्याने कमी होते, हे एमआयटीतील थॉमस अॅलन यांनी मोजून दाखवले. त्यावरून अनेकांनी भिंती पाडण्याचा सोपा उपाय काढला. परंतु इथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोकळ्या कार्यालयात गेल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. सगळ्यांच्या नजरेखाली बसवले की माणसे कानांत हेडफोन घालतात. जपानी कारखान्यांतला ‘गेम्बा’वर, म्हणजे कामाच्या प्रत्यक्ष जागी, जाण्याचा प्रघात यापेक्षा शहाणपणाचा वाटतो: अधिकाऱ्याने काम जिथे होते तिथे जावे, बघावे, विचारावे. अर्थात साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी झाडलोट होत असेल, तर ती फेरी फुकट गेली असे समजावे.

बातमी पोचल्यावर काय घडते, हा मानसिकतेचा प्रश्न. रुग्णालयांतील औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास करताना एमी एडमंडसन यांना चांगल्या चमूंत चुका कमी दिसतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. पुढे उलगडले ते असे, की चांगल्या चमूंतल्या परिचारिका चुका उघडपणे नोंदवत होत्या आणि जिथे प्रमुखाची धास्ती होती तिथे त्या झाकल्या जात होत्या. यातून पुढे आलेली ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना त्यांनी १९९९ च्या शोधनिबंधात मांडली. तिचा अर्थ सगळ्यांशी गोड बोलणे असा लावला जातो, तो चुकीचा आहे. शंका, चूक किंवा विरोध बोलून दाखवल्याबद्दल अपमान होणार नाही, एवढीच खात्री त्यात अभिप्रेत आहे; कामाची अपेक्षा कडक असू शकते. रॉन वेस्ट्रम यांनी २००४ मध्ये संस्थांचे तीन प्रकार सांगितले. वाईट बातमी आणणाऱ्याला पहिल्या प्रकारात शिक्षा होते, दुसऱ्यात त्याच्याकडे दुर्लक्ष होते, आणि तिसऱ्यात अशी बातमी आणायलाच शिकवले जाते. एखादी संस्था पारखायची असेल तर ही कसोटी समाधान-सर्वेक्षणांच्या गठ्ठ्यापेक्षा लवकर उत्तर देते.

याचा प्रकृतीशीही संबंध आहे. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांवरील व्हाइटहॉल अभ्यासांत हुद्दा जितका खालचा तितके हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले, आणि आपल्या कामावर आपला ताबा नसणे हे त्यामागचे एक कारण असल्याचे मायकेल मार्मट व सहकाऱ्यांनी दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य व चिंताविकारांमुळे जगात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. कामाच्या ठिकाणची हिंसा व छळ यांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ मध्ये संमत झाला.

सगळे श्रेय आणि सगळा दोष वरच्या माणसाच्या गळ्यात घालण्याच्या प्रवृत्तीवर जेम्स माइंडल व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये बोट ठेवले होते. ते रास्त आहे. पगार, उद्दिष्टे आणि मनुष्यबळाची टंचाई यांपुढे भल्या वरिष्ठाचेही काही चालत नाही. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेत विक्रीची उद्दिष्टे गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली, आणि २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. बँकेची नीतिमूल्ये मात्र छापील स्वरूपात शाबूत होती.

मानसिकता प्रशिक्षणाने बदलता येते का, याचा सर्वांत मोठा प्रयत्न विमानवाहतुकीत झाला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर धुक्यात दोन विमाने आदळून ५८३ जण ठार झाले. धावपट्टीवर दुसरे विमान अजून असेल का, अशी शंका उड्डाण घेत असलेल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने काढली होती. कॅप्टनने ती ठामपणे झटकली आणि पुढे कोणी हटकले नाही. नासाने १९७९ मध्ये या प्रश्नावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी असे प्रशिक्षण सुरू केले. सुरुवातीच्या अभ्यासक्रमांचा भर कॅप्टनचा स्वभाव सुधारण्यावर होता आणि बऱ्याच वैमानिकांना तो रुचला नाही. नंतर रोख कामाच्या पद्धतीकडे वळला: उड्डाणापूर्वीची चर्चा, शंका कोणत्या शब्दांत मांडायची, ती ऐकली गेली नाही तर पुढचे पाऊल कोणते. पुढे त्यात हवाई सेवकवर्गालाही सामील करून घेण्यात आले.