धूसर दिसणं वेगळं, अडखळणं वेगळं

"मामा, गेम लॅग होतोय." इंदिरानगरला राहणाऱ्या भाच्याचा हा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. त्याने सेकंडहँड निन्टेंडो स्विच घेतलाय, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल, तोही डॉकशिवाय (डॉक म्हणजे तो टीव्हीला जोडायचा स्टँड), आणि त्यावर 'द विचर 3' हा गेम खेळतोय. दुकानदाराने सांगितलं, "डॉक घे, टीव्हीला लाव, एकदम स्मूथ चालेल." मी विचारलं, धूसर दिसतंय की अडखळतंय? तर म्हणे, "दोन्ही एकच ना?"

एकच नाही. पण आपल्याकडे सगळ्यालाच 'लॅग' म्हणायची पद्धत पडली आहे, त्यामुळे दोन वेगळ्या दुखण्यांवर एकच गोळी दिली जाते.

चित्र धूसर दिसतं ते रिझोल्यूशनमुळे, म्हणजे एका चित्रात किती पिक्सेल आहेत त्यावरून. अडखळतं ते फ्रेम रेटमुळे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं येतात आणि ती सारख्या अंतराने येतात का, यावरून. पिक्सेल रंगवणं हे जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरचं काम. कोण कुठे चाललंय, दार उघडं की बंद, दगड कुठे आपटला, हा हिशोब सीपीयूचा, म्हणजे मुख्य प्रोसेसरचा. हिशोब झाल्याशिवाय रंगवायचं काय, हेच जीपीयूला कळत नाही.

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खायला गेलात तर हेच दिसेल. एक जण ऑर्डर घेतो, दुसरा आत प्लेट भरतो. भरणारा मागे पडला तर प्लेट लहान करून गाडं पुढे रेटता येतं. ऑर्डर घेणाराच गोंधळला, तर मात्र अर्धी प्लेट दिली तरी रांग तेवढीच. ऑर्डर घेणारा म्हणजे सीपीयू, प्लेट भरणारा म्हणजे जीपीयू, आणि रिझोल्यूशन कमी करणं म्हणजे प्लेट लहान करणं.

आता स्विचकडे येऊ. मार्च 2017 चा हा कन्सोल, आत एनव्हिडियाची टेग्रा एक्स 1 चिप, रॅम 4 जीबी. जीपीयू डॉकमध्ये 768 मेगाहर्ट्झने चालतो, हातात घेतला की गेमनुसार साधारण 307 ते 460 वर येतो. सीपीयू मात्र डॉकमध्येही 1020 आणि हातातही 1020. त्याचे चार कोअर, म्हणजे हिशोब करणारे चार भाग, त्यातला एक कन्सोलच्या स्वतःच्या कामाला, गेमला उरले तीन. म्हणजे डॉक लावल्यावर प्लेट भरणाऱ्याच्या हाताखाली माणूस येतो, ऑर्डर घेणारा एकटा तो एकटाच. वर टीव्हीवर गेम जास्त रिझोल्यूशन गाठायला बघतो, तेव्हा वाढलेली ताकद बरीचशी तिथेच खर्च होते. 'स्मूथ'चं आश्वासन इथेच फसतं.

'डूम' (2016) स्विचवर आला नोव्हेंबर 2017 मध्ये, पॅनिक बटन या कंपनीने पोर्ट केलेला, म्हणजे दुसऱ्या कन्सोलवरचा गेम इथे चालेल असा बसवलेला. मोठ्या कन्सोलवर तो 60 फ्रेमने चालायचा, इथे 30 ने. लोकांनी नाकं मुरडली, पण पोर्ट करणाऱ्यांसाठी ही निम्मी फ्रेम म्हणजे पर्वणी होती. 60 फ्रेमला एका चित्रासाठी 16.7 मिलिसेकंद मिळतात, 30 ला 33.3. दुप्पट वेळ, आणि तो जीपीयूला मिळाला तसा सीपीयूलाही मिळाला. तेवढ्यानेही जीपीयूचं भागेना, म्हणून रिझोल्यूशन उतरवलं. म्हणून तो हातात धूसर दिसतो.

'विचर 3' ची गोष्ट अवघड होती. प्लेस्टेशन 4 वर तो मुळातच 30 फ्रेमचा. निम्मं करायला जागाच नाही. 15 फ्रेमने तलवार कोण चालवणार? सेबर इंटरॅक्टिव्ह या कंपनीने ऑक्टोबर 2019 मध्ये तो 32 जीबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवला, हे मला आजही कौतुकाचं वाटतं. हातात रिझोल्यूशन जास्तीत जास्त 960 बाय 540, तेही गरजेनुसार खाली जाणारं. म्हणजे साधारण 5 लाख 18 हजार पिक्सेल, फुल एचडीच्या बरोबर पाव. गवत, सावल्या, पोत यांनाही कात्री लागली. प्लेट जेवढी लहान करता येईल तेवढी केली. पण गेममधल्या नोव्हिग्रॅड शहरात शिरलात की ऑर्डरींची रांग लागते: शेकडो माणसं, दुकानं, घरं. द्वारका चौकात संध्याकाळी सहाला काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. तिथे फ्रेम घसरते, आणि पिक्सेल कमी करून ती सावरत नाही.

म्हणून पोर्टचं नाव ऐकलं की मी आधी एवढंच बघतो: मूळ गेम मोठ्या कन्सोलवर 60 चा होता की 30 चा? 60 चा असेल तर मोडतोड करायला वाव आहे. 30 चा असेल तर चित्रात कितीही काटछाट करा, गर्दीच्या जागी धाकधूक राहणारच. तिसरी वाट म्हणजे जगाचेच तुकडे पाडायचे. 2023 च्या 'हॉगवर्ट्स लेगसी' मध्ये स्विचवर हॉग्समीड गावात शिरताना लोडिंगचा पडदा येतो, मोठ्या कन्सोलवर सरळ चालत जाता येतं. मला हा उपाय प्रामाणिक वाटतो. थांबायचंच तर वेशीवर थांबवा.

क्लाउड आवृत्ती हा वेगळाच प्रकार. 'कंट्रोल' स्विचवर 2020 मध्ये तशी आली. गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्यापर्यंत फक्त व्हिडिओ येतो. तिथे धूसरपणा आणि झटके दोन्ही इंटरनेटचे. पंचवटी एक्सप्रेसमध्ये कसारा घाटात ती खेळून दाखवणाऱ्याला मिसळ माझ्याकडून.

जून 2025 मध्ये स्विच 2 आला, 12 जीबी रॅम आणि डीएलएसएससह. कमी पिक्सेलचं चित्र शहाणपणाने मोठं करणारं हे तंत्र धूसरपणावर भारी आहे, पण तेही प्लेट भरणाऱ्याच्याच बाजूचं. गंमत म्हणजे या कन्सोलचा सीपीयू हातात असताना डॉकपेक्षा किंचित वेगाने चालतो: 1101 मेगाहर्ट्झ, डॉकमध्ये 998. त्यावरच्या 'सायबरपंक 2077' मध्ये एक पर्याय 30 फ्रेमचा, दुसरा 40 चा. 40 हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यात एका चित्राला 25 मिलिसेकंद मिळतात, म्हणजे वेळेच्या हिशोबात 30 आणि 60 च्या बरोबर मधोमध. स्विच 2 चा पडदा 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र दाखवणारा, म्हणून प्रत्येक चित्र बरोबर तीनदा दाखवता येतं. 60 हर्ट्झच्या पडद्यावर तेच 40 कधी एकदा, कधी दोनदा दाखवावे लागले असते, आणि सरासरी चांगली असूनही डोळ्याला झटके जाणवले असते.

भाच्याला मी एक चाचणी सांगितली. नोव्हिग्रॅडच्या बाजारात उभा राहा, काही दाबू नकोस, समोरच्या भिंतीकडे बघ. मग कॅमेरा गरकन फिरव. स्थिर असतानाही भिंत पुसट असेल तर ते रिझोल्यूशन. फिरवताना झटके बसले तर फ्रेम रेट.

अर्ध्या तासाने फोन. "भिंत पुसटच आहे मामा, पण ती चालेल. झटके नकोत."

मग 2020 च्या अपडेटमधल्या ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये जाऊन मोशन ब्लर, म्हणजे हलताना चित्र मुद्दाम पुसट करणारा पर्याय, चालूच ठेव म्हटलं, तो थोडे झटके लपवतो. आणि डॉकचे पैसे आत्ता ठेव खिशात.

"दुकानदाराला काय सांगू?"

"सांग, मामा नाही म्हणाले."