मूत्रपिंड धमनीसंकोचावरील शस्त्रक्रिया

महाधमनीतून मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद झाली की मूत्रपिंडात रक्ताचा दाब कमी पडतो, मूत्रपिंड रेनिन (रक्तदाब वाढवणारा स्राव) सोडते आणि साऱ्या शरीराचा रक्तदाब चढतो. हॅरी गोल्डब्लाट यांनी 1934 मध्ये कुत्र्यांच्या धमनीला चिमटा लावून हे दाखवले. धमनी दुरुस्त करून किंवा रक्ताला नवी वाट काढून देऊन हा पुरवठा पूर्ववत करणे, हे या शस्त्रक्रियेचे काम.

उतारवयात आणि तंबाखू ओढणाऱ्यांत धमनीच्या तोंडाशी चरबीचा थर साचतो. भारतात तरुणांमध्ये ताकायासू हा धमनीदाहाचा आजार महत्त्वाचे कारण आहे. त्यात दाह शमण्याआधी टाके घातले तर जोड पुन्हा आवळतो, म्हणून थांबावे लागते.

नेहमीची पद्धत बायपासची : मांडीतली नीला काढून महाधमनी ते मूत्रपिंड अशी जोडतात. लहान मुलांत ही नीला पुढे फुगते, म्हणून ओटीपोटातली त्यांचीच धमनी वापरणे बरे. महाधमनीच खराब असेल तर डाव्या बाजूला प्लीहेची आणि उजव्या बाजूला यकृताची धमनी कामी येते. रक्त थांबवल्यावर हाताशी जेमतेम अर्धा तास असतो. आतल्या बारीक फांद्या जोडायच्या असतील तर मूत्रपिंड बाहेर काढून थंड द्रावणाने धुतात. ते फिकट पडते. बर्फात ठेवून जोडकाम उरकले की ते ओटीपोटात बसवतात. चिमटा सुटताच फिकट मूत्रपिंड गुलाबी होते, आणि सारे ठीक असेल तर थोड्या वेळात मूत्रनलिकेच्या टोकाशी थेंब दिसतो.

1978 मध्ये आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी फुग्याने ही धमनी रुंदावली आणि शस्त्रक्रिया मागे पडली. मात्र 2014 च्या 'कोरल' चाचणीत, चरबीमुळे झालेल्या संकोचात औषधांना स्टेंटची (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची) जोड देऊन जास्तीचा लाभ दिसला नाही.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या रुग्णालयांत विदर्भाबरोबरच छिंदवाडा-बालाघाटकडचेही रुग्ण येतात. विशीतल्या मुलीचा बीपी वाढलेला असताना वर्षानुवर्षे नुसत्या गोळ्या बदलत राहणे घातक आहे, तेवढ्यात मूत्रपिंड आक्रसते. आक्रसून निकामी झालेल्या मूत्रपिंडाची धमनी जोडून उपयोग नसतो, बीपीसाठी तेच काढावे लागते. दोन्ही हातांचा बीपी मोजणे, बेंबीच्या वर स्टेथोस्कोप टेकवून सूं-सूं आवाज ऐकणे आणि डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घेणे, एवढ्याने तपासाला दिशा मिळते. दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असतील तर रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची रक्तातली खूण) वाढू शकते. मे महिन्याच्या उन्हात जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आटले, तर हा धोका आणखी वाढतो.